कोकणातून घाटवाटा चढायच्या तर: कुठल्या ऋतूत काय घ्यायचं, काय घरी ठेवायचं

खालची_वाट (धागाकर्ता)

सह्याद्रीतल्या भटकंतीसाठी सामानाच्या याद्या पुष्कळ सापडतात. पण त्यातल्या निम्म्या हिमालयासाठी केलेल्या असतात आणि उरलेल्या देशावरून गाडीने घाटमाथ्यापर्यंत येऊन पुढे दोनशे-तीनशे मीटर चढणाऱ्यांसाठी. कोकणातून चढणाऱ्याचं गणित निराळं आहे. महाड, खेड, संगमेश्वर पट्ट्यातली पायथ्याची बरीच गावं समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभर-दीडशे मीटरवर आणि घाटमाथा सात-आठशेवर. म्हणजे सहाशे-सातशे मीटरचा सलग चढ, तोही दमट हवेत. थंडीने इथे कुणी अडत नाही. माणूस थकतो तो घामाने आणि पाणी संपल्याने, आणि सामान खराब होतं ते ओलीने. खरेदी करताना हे डोक्यात ठेवलं की निम्मे पैसे वाचतात.

दुसरी गोष्ट उन्हाची. आपल्या बाजूचा उतार पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी कडा स्वतःच सावली धरतो. दुपारी बारानंतर मात्र तोच कातळ थेट उन्हात येतो आणि संध्याकाळपर्यंत तापत राहतो. म्हणून चढ सकाळी सहाला सुरू करून अकराच्या आत माथा गाठायचा. नोव्हेंबर ते मे या काळात सामानापेक्षा हे वेळापत्रकच जास्त वाचवतं.

पाण्याचा माझा हिशोब असा: थंडीत माणशी ३ लिटर, मार्चपासून ४ ते ५ लिटर. एक लिटर म्हणजे एक किलो, तेव्हा उन्हाळ्यात सॅकचा मोठा भाग पाण्याचाच धरून चाला आणि बाकीचं सामान त्यानुसार कापा. गडावर टाकं आहे एवढ्या भरवशावर निघू नये. बरीच टाकी फेब्रुवारीनंतर तळाला जातात, काहींत कुजका पाला असतो. आदल्या दिवशी पायथ्याच्या गावात फोन करून किंवा सकाळी वाडीत विचारूनच निघावं.

ज्यांना बारकावे ठाऊक आहेत त्यांनी लिहावं. वस्तू, माप, काय बिघडतं आणि का, एवढंच. प्रवासवर्णनं कृपया दुसऱ्या धाग्यावर.

---

काळाकातळ

चांगला धागा. बुटांपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच चुकीचे जातात.

आपल्याकडे पाय तीन प्रकारच्या जमिनीवर पडतो: कोरडा बेसाल्ट, शेवाळलेला ओला बेसाल्ट आणि मुरमाचा घसारा. कोरड्यावर जवळपास कुठलाही रबरी तळ चालतो. घसाऱ्यावर तळाच्या खाचा खोल हव्यात, ४ ते ५ मिमी, आणि टाचेकडे आडवी धार हवी, नाहीतर उतरताना पाय सरकतच जातो. शेवाळावर खाचांचा उपयोग नाही, तिथे रबर मऊ हवं. दुकानात अंगठ्याच्या नखाने तळ दाबून पाहा. नख जरासुद्धा रुतलं नाही तर तो तळ ओल्या कातळावर घसरणार. आणि हिरवा-काळा बुळबुळीत थर असेल तर मऊ रबरही धरत नाही. तिथे गवताच्या बुंध्यावर, मुळांवर किंवा दगडाच्या खडबडीत कडेवर पाय टाकायचा. उपाय पायात आहे, बुटात नाही.

माप घेताना बूट संध्याकाळी घालून बघा, ट्रेकचे मोजे घालून. पाय पुढे सरकवल्यावर टाचेमागे एक बोट जायला हवं. सातशे मीटर उतरताना बोटं पुढे आदळतात, जागा नसेल तर नखं काळी पडतात.

मोजे सुती नकोत. सुती मोजा घाम धरून ठेवतो, कातडी भिजून मऊ होते आणि फोड येतात. सिंथेटिक किंवा लोकरमिश्रित घ्या. एक जोड जादा, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून.

---

नवी_सॅक

पावसाळ्यासाठी वॉटरप्रूफ पडद्याचे बूट घेऊ का? किंमत दुप्पट आहे. की शेतावर घालतात तसे गमबूट चालतील?

---

काळाकातळ

@नवी_सॅक, दोन्ही नको.

वॉटरप्रूफ बुटात पाणी बाजूने शिरत नाही, वरून शिरतं. कोकणात जुलैत ओढा गुडघ्याला लागतो, गवत मांडीपर्यंत भिजवतं. वरून गेलेलं पाणी मग आतच राहतं आणि दिवसभर पाय डबक्यात. त्यापेक्षा जाळीचे साधे बूट घ्या. पाणी आत येतं आणि चार पावलांत बाहेरही जातं. घरी आल्यावर दोन दिवसांत सुकतात. गमबूट भाताच्या खाचरात उत्तम, पण चढावर घोटा धरत नाहीत आणि ओढ्यात भरले की पाय उचलणं कठीण होतं.

दिवसभर भिजणार हे गृहीत धरून सकाळीच तळव्यांना, बोटांच्या बेचक्यांत आणि जांघेत पेट्रोलियम जेली चोळा. रात्री पाय पूर्ण कोरडे करून झोपा.

---

इरलं

पावसाळी कपड्यांबद्दल. 'श्वास घेणारी' महाग जॅकेटं इथे का फसतात ते आधी समजून घ्या. ते कापड आतली वाफ बाहेर सोडतं, पण त्यासाठी बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते. जुलैत चढावर बाहेरची आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या पुढे असते. वाफ जाणार कुठे? आतून घामाने तितकेच भिजता. शिवाय कारवीच्या रानातून आणि काटेरी झुडपांतून जाताना त्या पातळ कापडाच्या चिंध्या होतात.

माझं मत: चढताना भिजा. पातळ सिंथेटिक पूर्ण बाहीचा शर्ट, हलकी पँट. माथ्यावर वारा लागला की मात्र लगेच वरून विंडचीटर चढवा, कारण भिजलेलं अंग आणि माथ्यावरचा वारा एकत्र आले की हुडहुडी भरते. हवामान गरम असलं तरी शरीराचं तापमान घसरू शकतं, विशेषतः दमलेल्या आणि उपाशी माणसाचं. त्यासाठी कोरड्या कपड्यांचा एक जोड सॅकमध्ये हवाच, आणि तो मुक्कामालाच उघडायचा.

---

निसणी

@इरलं, सगळं पटलं. पोंचोचं (डोक्यातून घालायची सैल पावसाळी झूल) तुम्ही लिहिलं नाही, पण तो अगदी बाद धरू नका. सड्यावर (कातळाच्या पठारावर), मोकळ्या वाटेवर पोंचो सॅकसकट झाकतो आणि खालून हवा खेळते. निसणीच्या (शिडीच्या) वाटेवर आणि नाळेत, म्हणजे कड्यातल्या अरुंद उभ्या घळीत, मात्र तो काढून ठेवा. पुढचा घोळ पायाखाली येतो, आपली पावलं दिसत नाहीत, वाऱ्याने उडून तोंडावर येतो. दृष्टीभय असलेल्या, म्हणजे खाली खोल दरी दिसते अशा, जागी ते जिवावर बेतेल.

सॅकच्या रेनकव्हरवरही भिस्त नको. पाठीकडची बाजू उघडीच असते आणि तिथून पाणी उतरून तळाशी साचतं. खरं काम आतल्या पिशवीचं. जाड प्लास्टिकची मोठी पिशवी सॅकच्या आत उघडून ठेवायची, सगळं तिच्यात भरायचं, तोंड पिळून दुमडून बांधायचं. खताच्या गोणीचं आतलं अस्तर वापरत असाल तर तीन-चार वेळा धुऊन घ्या आणि त्यात खाण्याचं काही ठेवू नका. मोबाईल आणि विजेरीच्या जादा सेलना वेगळी झिपची पिशवी.

---

पऱ्या

ओढ्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पावसात कोकणातले अपघात कड्यावरून पडून होतात तसेच पाण्यातही होतात.

आधी हवामान खात्याचं भाकीत वाचायला शिका. २४ तासांत ६४.५ मिमीच्या वर पाऊस म्हणजे 'जोरदार', ११५.६ च्या वर 'अतिजोरदार', २०४.४ च्या पुढे 'अत्यंत जोरदार'. ऑरेंज इशारा असेल तर नाळ, धबधब्याचं पात्र आणि ओढे ओलांडायची वाट रद्द करा. रेड असेल तर घरी बसा. आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाचा पाऊस सात हजार मिलिमीटरच्या घरात जातो. तिथला एका सरीचा जोर किनाऱ्यावर बसून कळत नाही. महाड तालुक्यातल्या तळिये गावाची दरड २२ जुलै २०२१ ला कोसळली ती अशाच सलग पावसात. उतारावर नव्या भेगा दिसल्या, झाडं वाकडी झाली, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालं, तर ती जागा लगेच सोडा.

ओढा ओलांडताना:
पाणी गुडघ्याच्या वर आणि वेगात असेल तर उतरू नका. अरुंद जागा सोपी वाटते, पण तिथेच पाणी खोल आणि वेगवान असतं. पात्र जिथे पसरलेलं आहे तिथे जा. खाली धबधबा किंवा अडकलेली झाडं असतील तर ती जागा बाद. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर सॅक टाकता येते. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे टेकवून, एका वेळी एकच आधार हलवायचा. आणि हे नीट लक्षात घ्या: वाहत्या पाण्यात माणसाला दोराला बांधू नका. पाय घसरला की ताणलेला दोर त्याला पाण्याखालीच धरून ठेवतो.

पाण्याचा रंग बदलला, काटक्या-पाला वाहून यायला लागला किंवा आवाज जड झाला, तर वर पाऊस वाढलाय. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. लगेच पात्राबाहेर, उंच जागी. छोटे पऱ्हे पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतात, तेवढं थांबायची तयारी ठेवा. त्यासाठी खाणं आणि विजेरी हवी.

---

निसणी

+१. सिंगापूर नाळ, बोराट्याची नाळ या वाटा पावसात पाण्याच्या आणि दगडांच्या आहेत, माणसांच्या नाहीत. कोरड्या दिवसांतही नाळेत हेल्मेट घाला. वरचा माणूस चालला की दगड सुटतात. गिर्यारोहणाचंच हेल्मेट हवं, दुचाकीचं नको. ते जड असतं, त्यात ऐकू येत नाही आणि मान वर करता येत नाही. गट असेल तर नाळेत एकाखाली एक लांबच लांब रांग लावू नका. एकतर अगदी जवळ जवळ चाला, म्हणजे सुटलेला दगड वेग घ्यायच्या आत अडवता येतो, नाहीतर वरचा आडोशाला पोचेपर्यंत खालच्याने बाजूला थांबावं. दगड सुटला की "दगड! दगड!" असं ओरडायचं, खाली कुणी दिसत नसलं तरी.

---

नवी_सॅक

दोर कुठला घ्यावा? बंदरावर मच्छीमारांचा निळा-पिवळा दोर स्वस्त आणि मजबूत मिळतो. सुमारगडाच्या कातळटप्प्यासारख्या जागी आधाराला तो चालेल का?

---

कडेकपारी

@नवी_सॅक, अजिबात नाही, आणि हे प्रत्येक नव्या माणसाला सांगायला हवं.

तो दोर बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचा असतो. पाण्यावर तरंगतो म्हणून होडीला उत्तम. पण तो साधारण १६५ अंशांना वितळतो, नायलॉन २२० च्या आसपास. उतरताना घर्षणाने तापतो आणि गुळगुळीत असल्याने गाठी सरकतात. उन्हात तर फार लवकर कुजतो: वरून ठीक दिसतो, वाकवला की तंतूंचा भुगा पडतो. बंदरावरचा दोर आधीच उन्हात किती पडून होता हे कुणाला माहीत? सुंभाचा दोर जनावर बांधायला. माणसासाठी दोन्ही नाहीत.

कातळावर चढणाऱ्याला पडण्याचा धोका असेल तर डायनॅमिक दोर, ९.८ ते १०.५ मिमी. तो ताणला जाऊन झटका शोषतो. वरून बांधून उतरायला किंवा आधाराला धरायला स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणणारा, १०.५ किंवा ११ मिमी. स्टॅटिकवर कुणीही लीड (सगळ्यांच्या पुढे, दोर खालून घेत) चढू नये. सोबत ६ मिमीची प्रुसिक दोरी, तीन वेढ्यांची; ती मुख्य दोराभोवती गुंडाळतात आणि वजन पडलं की घट्ट धरते. दोर ओला असेल तर प्रुसिक सरकतो, तेव्हा एक वेढा वाढवून आधी जमिनीलगत वजन देऊन बघा. नायलॉन ओला झाला की त्याची ताकदही घटते, म्हणून पावसात कोरड्यातला हिशोब धरू नका.

कॅराबिनरवर (दोर अडकवायच्या धातूच्या कडीवर) किलोन्यूटनचे, म्हणजे ताकदीचे, आकडे कोरलेले असतात. लांबीच्या दिशेचा २० किंवा जास्त हवा. आडव्या दिशेने आणि झाप (कडीचं उघडणारं दार) उघडी असताना ताकद साधारण एक तृतीयांशच उरते. म्हणून स्क्रू बंद आहे ना हे हाताने चाचपून बघा, नुसतं डोळ्यांनी नको.

जागेवर आधीच ठोकलेल्या खिळ्यांवर, जुन्या दोरांवर विश्वास नको. समुद्रापासून तीस-चाळीस किलोमीटरवरही हवेत ओल भरपूर असते, गंज आतून खातो. लोखंडी शिड्यांचंही तेच. एका वेळी एकच माणूस, आणि पाय टाकण्याआधी पायरी हलवून बघा. प्राचितगडासारख्या शिडीच्या वाटेवर हे पाळलंच पाहिजे. आणि हो, त्या माथ्यामागे चांदोली राष्ट्रीय उद्यानाचं रान आहे, तिकडे वन विभागाच्या परवानगीशिवाय जायचं नाही.

हे सगळं सामान हाताळायचं जाणत्या माणसाकडून शिकल्याशिवाय नुसतं विकत घेऊ नये.

---

आकडी

ऋतू पावसानंतरचा. लोकांना ऑक्टोबर सुखाचा वाटतो, पण तो मला मे महिन्याइतकाच अवघड वाटतो. ऊन कडक, हवा दमट, गवत पुरुषभर उंच आणि वाटा हरवलेल्या. गवतात साप दिसत नाही. घोट्यावर गेटर (बुटावरून पोटरीपर्यंतचं जाड आवरण) किंवा निदान जाड पँट, हातात काठी, ती पुढे आपटत चालायचं. दुपारनंतर विजा होतात. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा. तीस किंवा कमी असतील तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, धारेवरून आणि सड्यावरून खाली उतरा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

साप चावला तर: दोरी आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, चोखू नका. अंगठी-कडं-घड्याळ काढा, चावलेला हात किंवा पाय फळीने-काठीने स्थिर करा, माणसाला चालवू नका, उचलून न्या. १०८ ला फोन. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसं खूप, ते आकाराने लहान म्हणून हलकं घेऊ नका. आपल्याकडची प्रतिविषलस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालते. आंबोली पट्ट्यात दिसणाऱ्या चापड्यांवर (हेही विषारी साप) ती नाही, तेव्हा डॉक्टरना दाखवायला जमलं तर लांबूनच फोटो काढा, पण त्यासाठी सापामागे जाऊ नका.

विंचवासाठी: बूट आणि सॅक रात्री तंबूच्या आत, सकाळी झटकून. लाल विंचवाचा दंश हृदयावर जातो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिनचा उपचार रूढ केल्यापासून मृत्यू खूप कमी झाले, पण औषध डॉक्टरच्या हातूनच. घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर अजिबात वेळ घालवू नका.

सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडीच्या रानात थंडी-उन्हाळ्यात गोचिडीतून माकडताप येतो. पूर्ण बाही, पँट मोज्यात खोचलेली, पाल्यावर बसायचं नाही, मेलेलं माकड दिसलं तर त्या भागातून परत फिरायचं. नंतर ताप आला तर डॉक्टरना रानात गेल्याचं आवर्जून सांगा.

---

खालची_वाट

@आकडी, फार मोलाची भर. आग्या माशांबद्दल मी जोडतो: कड्यावर पोळी दिसली की अत्तर-डिओ नाही, धूर नाही, आरडाओरडा नाही. माश्या उठल्याच तर तोंड-मान झाकून त्या जागेपासून लांब जात राहा. झाडाखाली किंवा टाक्यात दडून उपयोग नाही. काटे नखाने खरवडून लगेच काढा.

थंडीबद्दल फार लिहायला नको. १० अंशांसाठीची सिंथेटिक स्लीपिंग बॅग बहुतेक वेळा पुरते. पिसांची घेऊ नका, दवाने गोळे होतात. तंबूत वाफ धरते, म्हणून दोन्ही बाजूंची दारं बोटभर उघडी ठेवा. चुलीऐवजी गॅस, कारण फेब्रुवारीपासून कारवी आणि गवत पेट घ्यायला टपलेलं असतं आणि वणवा चढावर माणसापेक्षा वेगाने पळतो. साधा ब्युटेनचा डबा पुरतो. तो शून्याच्या आसपास अडतो, आणि कोकणात तेवढी थंडी पडत नाही. महाग मिश्रणाचे डबे इथे वाया.

उन्हाळ्यात कोकम आगळ पाण्यात घालून न्या, मीठ आणि चव दोन्ही मिळतं. जुलाब-उलट्या झाल्या तर मात्र ओआरएसच: १ लिटरचं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यात. पाकीट नसेल तर १ लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. कुणी बरळायला लागलं, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात. सावली, कपडे सैल, अंगावर पाणी ओतून वारा घालत राहा आणि खाली नेण्याची व्यवस्था करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

---

साठवण

इथपर्यंत सगळं डोंगरातलं झालं. पण कोकणात सामान डोंगरात कमी आणि घरातल्या कपाटात जास्त मरतं. जून ते सप्टेंबर घरात भिंतींना पाझर, चामड्याला बुरशी. त्यात काय होतं ते सांगतो.

बुटाचा मधला थर पीयूचा (पॉलियुरेथेनचा) असेल तर हवेतल्या ओलीने त्याच्या साखळ्या तुटतात. बूट वापरला नाही तरी झीज थांबत नाही. तीन-चार वर्षं खोक्यात नवेकोरे राहिलेले बूट पहिल्याच चढावर तळ सोडतात, ते यामुळे. ट्रेकच्या आधी बूट जोरात वाकवा, मधल्या थरावर नख दाबा. भुगा पडला, चिरा दिसल्या, चिकट लागलं तर तो बूट संपला. डिंक लावून फायदा नाही, कारण डिंक ज्याला चिकटणार तेच कुजलंय. ईव्हीएच्या (दुसऱ्या एका फोमच्या) थराला हा रोग नाही, खरेदीच्या वेळी विचारा.

तंबूच्या आतल्या लेपाचंही तेच. चिकट झाला, कुबट वास यायला लागला की लेप गेला. तंबू घडी घालून पिशवीत कोंबून ठेवू नका. पूर्ण सुकवून, सैल गुंडाळून, उंचावर. स्लीपिंग बॅग मोठ्या सुती पिशवीत मोकळी.

दोर ३० अंशांच्या आतल्या साध्या पाण्यात, डिटर्जंटशिवाय धुवा, सावलीत सुकवा. ऊन आणि बॅटरीचं ॲसिड, दोन्ही नायलॉनचे शत्रू. इन्व्हर्टर ठेवलेल्या खोलीत दोर ठेवू नका. आम्लाच्या वाफेने तो बाहेरून काही न दिसता कमजोर होतो. समुद्रकाठी वापरलेले कॅराबिनर गोड्या पाण्यात बुडवून झाप दहा-वीस वेळा उघडबंद करा, नाहीतर स्प्रिंगजवळ मीठ बसतं आणि झाप अर्धवट अडते. सुकल्यावर सिलिकॉनचा एक थेंब, दोराला न लागेल असा.

विजेरीतले सेल काढून ठेवा.

हे सगळं हवाबंद झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपात ठेवावं, तळाशी सिलिका जेलच्या पाव किलोच्या दोन थैल्या. नारिंगी खडे घ्या, ओल धरली की हिरवे पडतात. मग ओव्हनमध्ये १०० ते १२० अंशांवर दोन तास, स्वयंपाकाच्या नसलेल्या ताटलीत. पिंप बंद करताना आतलं सामान पूर्ण कोरडं हवं, नाहीतर ओल आतच कोंडली जाईल. गणपतीनंतर उघडीप मिळाली की एकदा सगळं बाहेर काढून वारा द्या.

---

नवी_सॅक

@साठवण, खूप आभार. वाटेतच तळ सुटला तर काय करायचं? अर्धा घाट उतरायचा बाकी असेल तर?

---

काळाकातळ

सायकलच्या जुन्या ट्यूबचे बोटभर रुंदीचे चार गोल तुकडे सॅकच्या कप्प्यात टाकून ठेवा. एक पंज्यावर, एक टाचेच्या पुढे, प्रत्येक बुटाला दोन. रबर असल्याने ओल्या कातळावर घसरतही नाहीत. त्यावरून ३ मिमीच्या दोरीचा आठच्या आकाराचा वेढा, गाठ घोट्यावर, तळाखाली नको. तळाखालची गाठ शंभर पावलांत झिजते. नुसत्या चिकटपट्टीने भागत नाही, ओल्या बुटाला ती धरतच नाही. आणि तळ सुटायला लागलाय हे दिसताक्षणी बांधा, पूर्ण निघायची वाट बघू नका. निघालेला तळ नाळेत खाली गेला की परत मिळत नाही.

---

नवी_सॅक

कळलं. ट्यूब उद्याच आणतो, आणि बूट आज रात्री वाकवून बघतो.